त्या दिवशी खुरपणी नव्हती

पनवेल,
ता. २२ फेब्रुवारी १९५९

गं. भा. भामा हिला थोरल्या दिराचे, धर्मराजचे आशीर्वाद.

सवयीने आधी ‘सौ.’ लिहिलं होतं. ते खोडून ‘गं. भा.’ लिहिताना हात अडला. आनंदाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. धाकट्या भावाच्या बायकोला असलं पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू गोदूला हाताला धरून करंज्याला माहेरी निघून गेलीस, तेव्हा मी बागेत होतो. तुझी जाऊ सोनाबाई म्हणाली, मी आडवी उभी राहिले तरी थांबली नाही. तुझंही बरोबर आहे. ज्या घरात हवालदाराने चार लोकांसमोर मडकी फोडून बघितली, त्या घरात बाईमाणसाने राहायचं कसं? पण त्यात माझा काही हात नव्हता. डॉक्टरांनी कागदावर विषारी दारू लिहिलं. दारूबंदीचा कायदा आहे, तेव्हा दारू आली कुठून ते बघायला पोलीस येणारच. घरात काही सापडलं नाही, हेही त्यांनी लिहून नेलं आहे.

जाताना तू सोनाबाईला विचारलंस म्हणे, तो कधी पीत होता, कुणाबरोबर पीत होता, मला एकदाही वास कसा आला नाही. याला मी काय सांगू? पुरुषाचं सगळंच घरी कळतं असं नाही. बागेत पंधरा माणसं कामाला आहेत, कधी कुणी काही आणत असेल. झालं ते झालं. त्याला नावं ठेवू नकोस. कामाला तो वाघ होता. गुलाबाची छाटणी त्याच्यासारखी या बागेत कुणाला येत नाही, हे शेटही बोलून दाखवतात.

शेट मुंबईहून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी येऊन गेले. आपल्या गुलाबांना दुसरं बक्षीस मिळालं. आनंदाचं ऐकून त्यांना वाईट वाटलं. नंतर मॅनेजरने मला बाजूला घेऊन विचारलं, घरच्यांची काही तक्रार आहे का. मी नाही म्हणालो. तुझ्या वतीने बोललो म्हणून रागावू नकोस. तक्रार करून गेलेला माणूस परत येत नाही. मला हेडमाळी म्हणून ठेवलं आहे, खोलीही काढून घेतलेली नाही. तू परत आलीस तर दोन्ही घरं एका जागी राहतील.

डॉक्टरांना बोल लावू नये. ते शिकले तसं त्यांनी केलं. ते जे विचारत होते त्याला मला त्या घटकेला सुचलं ते मी सांगितलं. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं.

तुझं जातं, दोन लुगडी आणि गोदूची पाटी एसटीने पाठवतो. तुझा भाऊ तुळशीराम हे पत्र वाचून दाखवील. त्याच्याच हातून चार ओळी लिहवून घे, म्हणजे इथे जीव भांड्यात पडेल.

धर्मराज


पनवेल,
ता. १९ नोव्हेंबर १९६१

चि. भामास आशीर्वाद.

मागच्या पत्राचं उत्तर आलं नाही. त्यानंतर तीन दिवाळ्या गेल्या. या वेळी भाऊबीजेला सोनाबाईने गोदूसाठी परकर शिवून ठेवला होता. अंगाला होईल की नाही कुणास ठाऊक. ती आता नऊ वर्षांची असेल.

मागल्या आठवड्यात बाजारात करंज्याचा एक सुक्या मासळीवाला भेटला. तो तुम्हा सगळ्यांना ओळखतो. म्हणाला, भामा बंदरावर बोंबील सुकवायच्या कामाला जाते, पोरगी शाळेत जाते, हुशार आहे. मग आपणहून म्हणाला, पण पोरं तिला दारुड्याची पोर म्हणून चिडवतात, ती कुणाशी बोलत नाही. मी भाजी न घेताच घरी आलो.

बागेचं बरं चाललं आहे. मावा पडला की फवारणी करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण आता मी रबरी मोजे घातल्याशिवाय कुणाला पंपाला हात लावू देत नाही. नाकातोंडावर पट्टी बांधायची, वारा पाठीवर घेऊन चालायचं. औषध काठीनेच ढवळायचं. साबण नळापाशीच ठेवलेला असतो, हात धुतल्याशिवाय विडी नाही की भाकरी नाही. संध्याकाळी तिथेच आंघोळ करून कपडे वेगळे धुवून मग घरी. कुठे पंप ठिबकताना दिसला तर मी काम बंद करतो, मॅनेजर काही म्हणो. गडी हसतात. म्हणतात, हेडमाळी म्हातारा झाला, सोवळं पाळायला लागला.

तू म्हणशील हे मला कशाला कळवता. सहज लिहिलं.

तुला काही विचारायचं असलं तर विचार. विचारलंस तर मी सांगेन. गोदूला माझा पापा.

धर्मराज


पनवेल,
ता. ९ फेब्रुवारी १९६४

चि. भामास.

तुळशीराम, हे पत्र बहिणीला वाचून दाखवताना काही गाळू नकोस. मध्येच थांबावंसं वाटेल, तरी थांबू नकोस.

आमच्या बागेत गोमा म्हणून एक माणूस आहे, डोंगराखालच्या कातकरवाडीतला. दहा वर्षं कामाला आहे. गेल्या मंगळवारी सकाळी तो गुलाबांवर फवारत होता. मोजे होते, पट्टी होती. पण पंपाची नळी जोडाशी फाटली आणि सगळं औषध त्याच्या छातीपोटावर आलं. मी बागेच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्याने सदऱ्याने पुसलं, नळीला दोरा गुंडाळला आणि काम पुढे चालू केलं. मी पोचलो तोवर तासभर होऊन गेला होता. तो डोकं धरून आळ्यात बसला होता. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, दंडाचं मांस आपोआप उडत होतं.

मला काही विचारावं लागलं नाही. मी हे एकदा पाहिलं होतं.

आम्ही त्याचे कपडे काढले, नळाखाली साबणाने अंग धुतलं, टांग्यात घातला. औषधाचा डबाही मी बरोबर घेतला. दवाखान्यात शिरताच डॉक्टरांना म्हणालो, “फवारणीचं औषध अंगावर सांडलंय. तास होऊन गेला. हा डबा.”

त्यांनी डबा बघितला आणि पुढे एक शब्द विचारला नाही. एक सुई टोचली. थोडा वेळ जाऊ दिला, डोळ्यांची पापणी वर करून बघितलं, पुन्हा टोचली. मग पुन्हा. किती टोचल्या सांगता येणार नाही. दिवस कलायला लागला तेव्हा गोमा कुशीवर वळला आणि तोंड कोरडं पडलंय म्हणून पाणी मागायला लागला. डॉक्टर पहिल्यांदा हसले. म्हणाले, कोरडं पडायलाच हवं होतं, त्याचीच मी वाट बघत होतो. गोमाची बायको साळू दाराशी बसली होती, ती तिथेच भिंतीला डोकं टेकून रडायला लागली.

हे डॉक्टर तेच. आनंदाला ज्यांच्याकडे नेलं होतं तेच. तेव्हा नवे होते, आता केस पांढरे व्हायला लागले आहेत.

त्यांनी हात धुतले. टॉवेलला पुसत म्हणाले, “वेळेवर सांगितलंत म्हणून वाचला.” मग पुसता पुसता थांबले आणि माझ्याकडे बघितलं. “पाच वर्षांपूर्वी तुम्ही भावाला आणलं होतं ना?”

मी हो म्हणालो.

“त्याला असाच घाम होता. अशीच लाळ होती. बाहुल्या अशाच टाचणीच्या टोकाएवढ्या. अंगाला लसणासारखा वास येत होता. मी तुम्हाला विचारलं होतं, आज काही फवारलंय का. तुम्ही काय सांगितलंत?”

“खुरपणी होती म्हणालो.”

“खुरपणी होती?”

“नव्हती.”

ते खुर्चीवर बसले. म्हणाले, “तेव्हाही हेच इंजेक्शन माझ्या कपाटात होतं. तुम्ही सख्खे भाऊ. तुमच्या शब्दावर मी दारू लिहिलं. चिरफाडीचा आग्रहही धरला नाही. माझंही चुकलं.” मग म्हणाले, आता जा. मी निघून आलो.

भामा, आनंदाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. हे वाक्य तुळशीरामने दोनदा वाचावं.

आता त्या दिवसाचं सांगतो. प्रदर्शन दहा दिवसांवर आलं होतं आणि कळ्यांवर मावा दिसायला लागला होता. नवं औषध जहाल आहे, हे मॅनेजरने आम्हाला सांगितलं होतं. रबरी मोजे, चष्मा, नाकावरची पट्टी, सगळं मुंबईहून आणून माझ्या ताब्यात दिलं होतं. घातल्याशिवाय कुणाला फवारू देणार नाही, अशा कागदावर माझी सही घेतली होती. पहिला मोज्यांचा जोड गड्यांनी काट्यांत घालून फाडला. दुसरा मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. शेट येतील तेव्हा नवा दिसला पाहिजे म्हणून. आनंदाने त्या सकाळी मागितले होते. मी म्हणालो, तुझे हात काय राजाचे आहेत?

आणि पंप गळत होता. हे त्याने मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. वायसर बदलायला पंप बाजारात न्यायचा म्हणजे एक दिवस मोडला असता. त्या सकाळी मी त्याला म्हणालो, फडकं बांध आणि आजचा दिवस ढकल. त्याने पंपाच्या बुडाशी फडकं बांधलं. ते फडकं औषधाने भिजून सकाळभर त्याच्या पाठीला चिकटून राहिलं. माझं ऐकलं नसतं तर औषध निदान जमिनीवर तरी पडलं असतं.

जेवणानंतर तो ओकायला लागला. आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही फवारलं का. माझ्या डोळ्यांसमोर तो सहीचा कागद आला. मी म्हणालो, नाही, आज खुरपणी होती. मग त्यांनी विचारलं, दारू पितो का. मी म्हणालो, घेतो कधी कधी. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. मॅनेजर तिथे नव्हता. कुणी धाक घातला नव्हता. तोंडातून ते इतकं सहज आलं की मलाच ते खरं वाटलं.

पाच वर्षं मी मनाशी धरून होतो की आनंदाचा जीव औषधाने घेतला आणि मी फक्त त्याचं नाव घालवलं. तेवढं पाप मला पेलत होतं. नोकरी केली, जेवलो, झोपलो. मंगळवारी गोमाने पाणी मागितलं आणि मला कळलं की मी एक शब्द खरा बोललो असतो, तर त्या संध्याकाळी आनंदानेही पाणी मागितलं असतं.

उद्या पोलीस ठाण्यात जाऊन हेच सांगणार आहे. सोनाबाईला काल सांगितलं. ती चुलीपुढून उठली नाही, भाकरी करपली तरी उठली नाही.

हे पत्र गोदूला वाचायला दे. शाळेतल्या मास्तरांना दे. बंदरावर ज्याने ज्याने नावं ठेवली असतील त्याला दे. मला उत्तर नको.

धर्मराज


पनवेल,
ता. १८ ऑक्टोबर १९६४

चि. भामास.

परवा तू येऊन गेलीस. समोर बसून जे सांगता आलं नाही ते लिहितो आहे. तू आलीस तेव्हा इथलं बोलणंही धड झालं नाही, म्हणून आधी ते सांगतो.

ठाण्यात फौजदाराने माझा जबाब लिहून घेतला. वर पाठवू म्हणाले. अजून कुणी बोलावलेलं नाही. डॉक्टरांनी त्यांच्या सहीने लिहून दिलेला कागद मी परवा तुझ्या हातात ठेवला, त्यात मरणाचं खरं कारण आहे. मॅनेजरने आठ दिवसांत खोली रिकामी करायला सांगितली. म्हणून तुम्हा दोघांना विचारत विचारत इथे गाढी नदीच्या काठी यावं लागलं. सोनाबाईच्या भावाची वांग्याची वाडी आहे, तिथे मी पाणी लावतो. बागेत नवा हेडमाळी आला. त्याने मोजे पुन्हा कपाटात ठेवले, असं ऐकलं. पण गोमा मोज्यांशिवाय पंप उचलत नाही. दोनदा त्याला कामावरून हाकललं. दोन्ही वेळा तो दुसऱ्या दिवशी जाऊन कपाटापाशी उभा राहिला. आता त्याचं बघून बाकीचेही उभे राहतात.

तू उंबऱ्याच्या आत आली नाहीस. सोनाबाईने पाणी आणलं, तांब्याकडे बघितलंही नाहीस. पायरीवर बसलीस आणि बोललीस ते मी तुझ्याच शब्दांत इथे लिहून ठेवतो, म्हणजे मला नंतर त्यात फेरफार करता येणार नाही.

“पाच वरसं पितरांत त्याला पान वाढलं नाय मी. दारू पिऊन मेला, पोरीला उघड्यावर टाकून गेला, त्याला कशाला वाढू म्हनून. भाऊ सांगायचा वाढ, मी नाय वाढलं. रोज शिव्या दिल्या त्याला. बोंबील पालटताना दिल्या, पोरीला न्हाऊ घालताना दिल्या. तुमी त्याला एकदा मारलंत, भाऊजी. माझ्याकडून रोज मारून घेतलंत.”

तुळशीराम म्हणाला, आता चल, गाडी चुकेल. तू उठली नाहीस. म्हणालीस, यंदा वाढलं. पोरीने हट्टाने सगळं त्याच्या आवडीचं करायला लावलं. तिला बाप धड आठवत नाही, तो काय खायचा ते मलाच विचारत होती.

मग तू विचारलंस, “तुमी डाक्टरला सांगत होता तवा तो सुदीत होता का? त्यानं आयकलं का?”

मी म्हणालो, “नाय. त्याला काय कळत नव्हतं.”

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग तुझे खांदे जरा खाली आले. पदराने तोंड पुसलंस, उठलीस आणि तुळशीरामच्या मागून निघून गेलीस. आल्यापासून तुझा चेहरा तेवढाच एकदा निवलेला मी बघितला.

भामा, ते खोटं होतं.

दवाखान्याच्या बाकावर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी डॉक्टरांना दारू म्हणालो तेव्हा त्याने डोळे उघडले. माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की चार दिवस वळ होते, सोनाबाईने विचारलं तेव्हा मी दोरी लागली म्हणून सांगितलं. त्याची जीभ वळत नव्हती, तोंडात लाळ भरली होती. तो पंप, पंप म्हणत होता. दोनदा म्हणाला. डॉक्टरांनी वाकून विचारलं, काय म्हणतोय हा? मी म्हणालो, बरळतोय.

त्यानंतर त्याने माझा हात सोडला. पुन्हा बोलायला गेला नाही. पुढे दीड तास जिवंत होता. तू मिठागरावर कामाला गेली होतीस, तिथे निरोप गेला होता, तू अजून पोचली नव्हतीस. तो दाराकडे बघत होता.

हे तुला न कळतं तर बरं झालं असतं, एवढं मला समजतं. तुला परवा जरा बरं वाटलं होतं, तेही मी आज काढून घेतो आहे. त्या रात्रीपासून मी याचाच विचार करतो आहे. सोनाबाई म्हणते, आता तरी राहू द्या, तिला किती जाळाल? पण तुझ्या नवऱ्याबद्दल तू काय खरं मानायचं हे एकदा मी ठरवलं आणि तुझी पाच वर्षं गेली. तुझ्या बऱ्यासाठी का असेना, पुन्हा मी ते ठरवणार नाही.

तो शुद्धीत होता. त्याने सगळं ऐकलं. अंगात तेवढी ताकद होती तोवर खरं काय ते तो सांगत होता, आणि ते समजणारा तिथे मी एकटाच होतो.

धर्मराज